ग्रंथ नातीच्या हाती, आठवण आजीच्या ओठी

वर्षावासातली संध्याकाळ होती. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि आमच्या नेकनूरच्या विहारात परमपूज्य बाबासाहेबांच्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालले होते. वाचायला नववीतली एक मुलगी बसली होती. वाचन स्वच्छ, उच्चार चांगले. समोर सात-आठ म्हाताऱ्या आणि तीन-चार म्हातारे बसले होते. निम्म्यांचे डोळे मिटलेले होते. ते ध्यानाने मिटले होते की दिवसभराच्या खुरपणीने, हे आम्ही विचारले नाही. तरुण पोरे बाहेर ओट्यावर मोबाईलमध्ये मान घालून बसली होती. दरवर्षी असेच चालते. आम्हीही त्याला सरावलो होतो.

त्या दिवशी वाचन रोहिणी नदीच्या प्रकरणापर्यंत आले. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणीच्या पाण्यावरून तंटा झाला. शाक्य संघाने युद्ध करायचे ठरवले. सिद्धार्थाने त्याला विरोध केला. दोन्हीकडची माणसे निवडा आणि बसून निवाडा करा, असे त्याचे म्हणणे होते. संघाने ते मानले नाही आणि अखेर याच वादातून सिद्धार्थाने घर सोडले, अशी मांडणी बाबासाहेबांनी केली आहे. मुलगी वाचत होती आणि भिंतीला टेकून बसलेली तिची आजी एकाएकी बोलली,

“पाण्यापायी आमी बी लई सोसलंय बाई.”

मुलगी थांबली. आजी पुढे बोलू लागली. माहेरच्या गावात आडावर चढायची सोय नव्हती. रिकामी घागर घेऊन खाली उभे राहायचे. कुणाला दया आली तर वरून ओतायचे. एखाद्या दिवशी दुपार व्हायची, पण घागर कोरडीच. मग मायलेकी ओढ्यात झिरा उकरायच्या आणि वाटीवाटीने पाणी भरायच्या.

मुलगी शाळेत शिकलेली. तिने विचारले, “पण आजी, चवदार तळ्याचा सत्याग्रह तर १९२७ ला झाला ना?”

आजी म्हणाली, “झाला असंल. पर ती तारीख आमच्या आडावर यायला लई वर्सं लागली.”

विहारात कुणी हसले नाही. ओट्यावरची पोरे दारात येऊन उभी राहिली होती. त्यांतली दोघे आत येऊन बसली. त्या दिवशी ग्रंथाची दोनच पाने वाचून झाली, पण रात्री नऊपर्यंत कुणी उठले नाही.

घरी जाताना आम्ही त्या मुलीला विचारले, “ही गोष्ट तुला आधी माहीत होती का?” ती म्हणाली, “नाही. आजी कधी बोललीच नाही. आणि मीही कधी विचारलं नाही.” आजी आणि नात एकाच घरात राहतात, एकाच वाकळेत झोपतात, तरी ही गोष्ट त्यांच्यात कधी निघाली नव्हती. आजचा लेख याच गोष्टीवर आहे.

आमचे चुकले कुठे?

बंधू-भगिनींनो, जुनी पिढी आणि नवी पिढी यांना एकत्र आणले पाहिजे, असे आपण प्रत्येक भाषणात म्हणतो. आम्हीही म्हणत आलो आणि त्यासाठी कार्यक्रमही घेतले. एका वर्षी ज्येष्ठांचा सत्कार ठेवला. शाल दिली, फुले दिली, फोटो काढला. मग प्रमुख पाहुणे दीड तास बोलले. सत्कारमूर्तींना बोलायला वेळ उरला नाही. तरुण मंडळी मधूनच उठून गेली. दुसऱ्या वर्षी युवकांसाठी मार्गदर्शन शिबिर घेतले. त्याला एकही म्हातारे माणूस आले नाही, कारण आम्ही बोलावलेच नव्हते.

या दोन्ही कार्यक्रमांत एकच चूक होती. आम्ही म्हाताऱ्यांना मान दिला, पण काम दिले नाही. तरुणांना उपदेश दिला, पण त्यांनाही काम दिले नाही. माणसे एकत्र येतात ती एखाद्या कामासाठी. वाचणारी नात आणि आठवणारी आजी यांना त्या संध्याकाळी एकमेकींची गरज पडली, म्हणून त्या बोलल्या. आम्ही ते जुळवून आणले नव्हते. ते आपोआप घडले. यापुढे ते मुद्दाम घडवायचे, एवढाच आमचा विचार आहे.

आपल्या जिल्ह्याचे वेळापत्रक

वर्षावास आषाढ पौर्णिमेला सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला संपतो. तथागतांच्या काळी पावसाळ्याचे तीन महिने भिक्खू फिरती थांबवून एका ठिकाणी मुक्काम करीत आणि लोकांना धम्म सांगत. आज गावोगावच्या विहारांत याच काळात ग्रंथवाचन होते. भारतीय बौद्ध महासभेच्या प्रवचनमालाही याच काळात चालतात.

आता आपल्या बीड जिल्ह्याकडे पाहा. आपल्यातली कितीतरी घरे ऊसतोडीवर जगतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या टोळ्या हलतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते, ती फेडायला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. म्हणजे वर्षावासाचे तीन महिने हेच आपल्या घरातली तिन्ही पिढ्यांची माणसे एका छपराखाली असण्याचे दिवस. आश्विन पौर्णिमा झाली की घर फुटते.

आणि मागे कोण राहते? आजा-आजी आणि शाळेत जाणारी नातवंडे. कुठे हंगामी वसतिगृहाची सोय होते, पण बहुतेक पोरांना आजीच भाकरी करून घालते. मधली पिढी फडात असते. म्हणजे सहा महिने आपल्या वस्तीत जुनी पिढी आणि नवी पिढी एवढेच उरते. त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचे नाही तर कुणाशी बोलायचे? शहरातल्या लोकांना पिढ्यांमधले अंतर हा चर्चेचा विषय वाटत असेल. आपल्याकडे तो संध्याकाळच्या भाकरीचा आणि अभ्यासाचा प्रश्न आहे. आई-बाप दूर असताना लेकराने शाळा सोडायची की टिकवायची, हे पुष्कळदा आजीच्या शब्दावर ठरते. त्या शब्दाला वजन हवे असेल, तर आजी कोण आहे हे लेकराला कळले पाहिजे.

म्हाताऱ्यांच्या गाठोड्यात काय आहे?

आपली म्हातारी माणसे म्हणतात, “आमाला काय कळतंय, आमी अडाणी.” हे खरे मानू नका. त्यांच्या गाठोड्यात काय बांधले आहे ते मोजून पाहा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या वेळी जाणती असलेली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. आपल्या भागातल्या पुष्कळांना तेव्हा नागपूर गाठता आले नाही. पण नंतर घरातले देव केव्हा निघाले, मेलेली जनावरे ओढायचे कुणी आणि कसे बंद केले, त्यासाठी गावाने काय केले, हे त्यांनी स्वतः पाहिले आहे. हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही.

पुढे १९७२ चा दुष्काळ. खडी फोडणे, पाझर तलावाची माती वाहणे, सुकडी खाणे, मिलोच्या लाल भाकरी गिळणे, हे आज सत्तरीत असलेल्या बायांनी केलेले आहे. आपल्या गावाजवळच्या ज्या तलावात पोरे पोहतात, त्याची माती आपल्या आजीने डोक्यावर वाहिली आहे का, हे कुणी तिला विचारले आहे?

आणि तिसरे नामांतर. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर हल्ले झाले. घरे जळाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना जीव गमवावा लागला. १९७९ मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला. सोळा वर्षे लोक तुरुंगात जात राहिले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. आज आपली मुले पदवीच्या प्रमाणपत्रावर ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव वाचतात. त्या एका ओळीची किंमत काय पडली, हे त्यांच्या घरातल्याच माणसाला ठाऊक असते, पण तो माणूस बोलत नाही.

का बोलत नाही? आम्हाला वाटते, त्याची दोन कारणे आहेत. एक म्हणजे लाज. पोराला नोकरी लागली, सून शिकलेली आली, आता मागचे वाईट दिवस कशाला काढायचे? दुसरे म्हणजे काळजी. पोराच्या मनात द्वेष बसू नये, त्याला त्याच गावात राहायचे आहे. ही दोन्ही कारणे प्रेमाची आहेत. पण त्याचा परिणाम असा होतो की पोराला वाटते, सवलत आपल्याला फुकट मिळाली. कॉलेजात कुणी टोमणा मारला की त्याच्याकडे उत्तर नसते. उत्तर घरातच असते, वाकळ पांघरून झोपलेले.

माजलगावच्या ओव्या

कुणी म्हणेल, अशा आठवणी जपायला मोठ्या संस्था लागतात. आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण सांगतो. माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बाया जात्यावर बसून बाबासाहेबांवर ओव्या गात. दळताना ओवी म्हणायची, पहिली अमक्याची, दुसरी तमक्याची अशी मोजत जायचे, ही रीत जुनीच. या बायांनी त्या रीतीत भीमराव आणि बुद्ध आणून बसवले. त्यांना कुणी शिकवले नव्हते. पुण्याचे गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम उभे केले होते. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. १९९६ मध्ये ते माजलगावला आले आणि या बायांचा आवाज त्यांनी मुद्रित केला. पुढे २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या सर्वांसाठी खुल्या केल्या. आज कोणीही मोबाईलवर त्या ऐकू शकतो.

विचार करा. पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. जाते गेले की ओवी जाणार, हे ठरलेले होते. १९९६ साली कुणीतरी जाऊन बसले, ऐकले, लिहून घेतले, म्हणून ती राहिली. नाहीतर त्या बायांबरोबर तीही गेली असती. तेव्हा त्यासाठी पुण्याहून माणसे आणि यंत्रे यावी लागली. आज ते यंत्र आपल्या प्रत्येक पोराच्या खिशात आहे. ज्या मोबाईलला आपण रोज शिव्या देतो, तोच आजीसमोर ठेवला तर काय होईल?

तथागतांनी सिगालाला काय सांगितले

धम्मात या विषयावर उपदेश आहे. राजगृहाजवळ सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओल्या अंगाने सहा दिशांना नमस्कार करी. तथागतांनी विचारले, हे कशासाठी? तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले होते. बापाचे शब्द त्याने पाळले होते, पण त्यांचा अर्थ त्याला ठाऊक नव्हता. तथागतांनी त्याला हसून घालवले नाही. त्यांनी अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे सेवक आणि वरची म्हणजे श्रमण. या सर्वांशी नीट वागणे हीच दिशांची पूजा.

त्यात एक गोष्ट आपण लक्षात घेत नाही. तथागतांनी कर्तव्ये एकतर्फी सांगितली नाहीत. मुलांनी आई-वडिलांना सांभाळावे, वारशाला पात्र व्हावे, हे सांगितले. तसेच आई-वडिलांनी मुलांना वाईटापासून रोखावे, विद्या द्यावी आणि योग्य वेळी वारसा त्यांच्या हाती द्यावा, हेही सांगितले. आता आपल्या म्हाताऱ्यांकडे देण्यासारखा वारसा कोणता? जमीन नाही. वाडा नाही. आहे ती आठवण. तीच आपली जमीन. आणि ‘योग्य वेळी’ म्हणजे केव्हा? डोळे मिटल्यावर शोकसभेत नव्हे. हयातीत. विहारात. पोराच्या समोर.

काय करता येईल?

नेकनूरला आम्ही त्यानंतर काही साध्या गोष्टी ठरवल्या. खर्च नाही, पावती पुस्तक नाही. कोणत्याही वस्तीत हे करता येईल.

पहिली गोष्ट. रोज दोन पाने वाचायची आणि एक प्रश्न विचारायचा. वाचायचे मुला-मुलींनी, उत्तर द्यायचे म्हाताऱ्या माणसांनी. प्रश्न नेमका हवा. “तुमचे अनुभव सांगा” म्हटले की आजी गप्प होते. “तुझ्या लग्नात पंगत कुठे बसली होती?” म्हटले की ती तासभर बोलते.

दुसरी गोष्ट. म्हाताऱ्यांना भिंतीकडे बसवायचे नाही. ज्याची त्या दिवशी पाळी असेल, त्याची खुर्ची ग्रंथाशेजारी. पाहुण्यांची भाषणे वर्षावासात बंद.

तिसरी गोष्ट. एक दोनशेपानी वही. सांगितलेले दोन मुलांनी लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी वाचून दाखवायचे. चुकले तर आजीने दुरुस्त करायचे. नाव लिहायचे की नाही, बाहेर सांगायचे की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवायचे. मोबाईलवर आवाज भरायचा तोही विचारून. काही गोष्टी माणूस फक्त आपल्या नातीला सांगू इच्छितो. तिथे वही मिटायची.

चौथी गोष्ट. देणे दोन्हीकडून हवे. श्रावणबाळ योजनेचा, निराधार योजनेचा अर्ज, हयातीचा दाखला, बँकेचे पासबुक यांतले एकही काम म्हाताऱ्यांना एकट्याने होत नाही. कोयता आणि खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजल्या, यंत्रावर अंगठा उमटत नाही, आणि माणूस दिवसभर ताटकळून परत येतो. म्हणून दर पौर्णिमेला वंदनेनंतर तासभर कॉलेजची मुले कागदपत्रे घेऊन बसतील, असे ठरवले. अर्ज भरताना जन्मगाव विचारावे लागते, बापाचे नाव विचारावे लागते. तिथूनच बोलणे सुरू होते.

पाचवी गोष्ट जयंतीची. हा विषय नाजूक आहे. डीजेवरून वडीलधारे आणि तरुण यांच्यात दर एप्रिलला कुरबूर होते. आम्ही पोरांवर चिडून पाहिले. काही उपयोग झाला नाही. वर्षभर बापडी राबतात, एक दिवस नाचले तर त्यात पाप नाही. पण तो एकच दिवस आणि ते एवढेच नको. बाबासाहेबांच्या अभ्यासाची आठवण म्हणून ठिकठिकाणी सलग अठरा तास वाचनाचा उपक्रम होतो. तो जयंतीच्या आठवड्यात घ्यायचा आणि त्यात दर दोन तासांनी एक जुने माणूस बोलेल. पोरांनी हे मान्य केले. त्यांची अट एकच होती, माईकची व्यवस्था त्यांच्याकडे. आम्ही ती आनंदाने मान्य केली.

सगळे सुरळीत झाले असे समजू नका. काही दिवशी चारच माणसे आली. एका आजोबांनी सांगायला सुरुवात केली आणि दोन घरांतले जुने भांडण उकरून काढले. एक आजी १९७८ चे सांगता सांगता रडू लागली आणि तिच्या मुलाने आमच्यावरच राग काढला, “म्हातारीला कशाला त्रास देता?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. आम्ही आठ दिवस तिला काही विचारले नाही. नवव्या दिवशी ती स्वतःच आली आणि म्हणाली, “माझं अर्धं राह्यलंय.” तिचा मुलगाही मागे येऊन बसला. आईचे उरलेले अर्धे त्यानेही पहिल्यांदाच ऐकले.

आश्विन पौर्णिमेनंतर

त्या वर्षी आश्विन पौर्णिमेला खीरदान झाले, वर्षावासाची सांगता झाली. पुढच्या आठवड्यात टोळ्यांची गाडी आली. भांडी, सरपण, वाकळी चढल्या. त्या वाचणाऱ्या मुलीचे आई-बापही कोयता घेऊन गेले. घरात आजी आणि नात राहिली.

थंडीत आम्ही एकदा त्यांच्याकडे गेलो. चुलीवर भाकरी होत होती. मुलगी वही घेऊन बसली होती. आम्हाला वाटले शाळेचा अभ्यास. जवळ जाऊन पाहिले तर विहारातली तीच वही. फडातून आईचा फोन आला की आजीने सांगितलेले ती त्यातून आईला वाचून दाखवत होती. पलीकडून आई हुंकार देत होती.

“आई काय म्हणते?” आम्ही विचारले.

“आई म्हणते, हे मला कधी सांगितलं नाही सासूबाईंनी.”

चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, “तिनं कवा इचारलं?”

वाचकहो, तुमच्या घरातही असे कुणीतरी भिंतीला टेकून बसलेले असेल. हा अंक बाजूला ठेवा आणि आजच त्यांना एक प्रश्न विचारा. पाणी कुठून आणायचात, एवढाच विचारा. पुढचे ती माणसे सांगतील. आणि आजी-आजोबांनो, तुम्हालाही विनंती आहे. कुणी विचारण्याची वाट पाहू नका. योग्य वेळ हीच आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!